पद नाही, पण काम पुढे न्यायचंय: कुठवर आणि कसं?

आडवाट:

आमच्याकडे तीन विभागांचा हात लागल्याशिवाय एकही ऑर्डर बाहेर पडत नाही. तिन्ही विभागांना आपापले मॅनेजर आहेत. पण एका विभागाकडून काम दुसऱ्याकडे जातं, तेव्हा त्या मधल्या जागेला कोणीच वाली नसतो, आणि जे काही अडतं ते नेमकं तिथेच अडतं. माझं पद या मॅनेजरांच्या जवळपास जाणारंही नाही. तरी ती मधली जागा गेली काही वर्षं मी बघते. मला कोणी सांगितलं नव्हतं. पद नसताना पुढाकार घेणं ही फक्त स्वभावाची गोष्ट आहे असं लोक म्हणतात, मला ते मुळीच पटत नाही. हे शिकता येतं, म्हणून हा धागा.

आमच्या मीटिंगा लांबायच्या, बरंच काही ठरायचं आणि आठवड्याने तोच विषय पुन्हा पहिल्यापासून निघायचा. मी मीटिंग संपली की लगेच एक छोटा मेल टाकायला लागले. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि काय ठरलं नाही. यातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. "बदललेल्या नमुन्याला मंजुरी कोणी द्यायची हे ठरलेलं नाही" असं लेखी समोर आलं की ते भिजत घोंगडं सगळ्यांना दिसतं. एरवी ज्याचं काम अडलंय त्याच्याशिवाय कोणाला त्याचा पत्ता नसतो. पुढे पुढे मेल यायला उशीर झाला तर लोक विचारायला लागले. वाद झाला की "त्या मेलमध्ये काय होतं ते बघा" असं मॅनेजरही म्हणायला लागले.

जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली सत्तेचे पाच आधार मांडले होते: बक्षीस देण्याची ताकद, शिक्षा करण्याची ताकद, पदामुळे मिळालेला हक्क, विषयातली जाण, आणि त्या माणसाबद्दल वाटणारा आदर. पहिले तीन खुर्चीबरोबर येतात आणि खुर्चीबरोबर जातात. उरलेले दोन कोणालाही कमावता येतात. रेव्हन यांनी नंतर सहावा आधार जोडला, माहितीचा. माझा मेल त्यात बसतो. आदर कमवायला वर्षं जातात, जाण यायलाही जातात. माहिती नीट मांडायला मात्र उद्यापासून सुरुवात करता येते, म्हणून नवीन माणसाला मी कायम हीच वाट सुचवते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. बरोबरीच्या माणसाने "तू हे कर" म्हटलं की समोरच्याच्या मनात पहिल्यांदा "हा कोण मला सांगणारा" हेच येतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२०च्या दशकात यावर फार नेमका विचार मांडला आहे. एकाने हुकूम सोडायचा आणि दुसऱ्याने तो पाळायचा असं न करता दोघांनी मिळून परिस्थिती बघावी, आणि हुकूम परिस्थितीकडूनच घ्यावा. त्यामुळे मी पॅकिंगच्या लोकांना "आज थांबून संपवा" असं म्हणत नाही. त्यांच्या टेबलापाशी जाते, कागद पुढे ठेवते. "गाडी गुरुवारी सकाळी निघते. तपासणीला पूर्ण दिवस लागतो. म्हणजे बुधवारी सकाळी माल तपासणीकडे पोचायला हवा. आत्ता किती बाकी आहे?" पुढचं तेच बोलतात. कधी म्हणतात होऊन जाईल. कधी म्हणतात, निम्माच होईल, मग निम्मा आधी पाठवू का? ही निम्म्याची वाट त्यांनाच दिसते, कारण ते काम रोज त्यांच्या हाताखालून जातं.

माझा प्रश्न असा: हे कुठवर करायचं? तुमच्या क्षेत्रात कसं चालतं? सविस्तर लिहा, घाई नाही.

पानगळ:

"काय ठरलं नाही" ही ओळ उचलतोय. एक भर घालतो. "कोण करणार" याच्यापुढे विभागाचं नाव कधीच लिहायचं नाही, माणसाचंच लिहायचं. "अकाउंट्स बघेल" याचा अर्थ कोणीच बघणार नाही.

तिसरी_घंटा:

आडवाट, तुम्ही तळमळीने लिहिलंय, म्हणून विरोधही मनापासून लिहिते. तुम्ही जे सांगताय ते मॅनेजरचं काम आहे आणि ते कंपनीला फुकट मिळतंय. जबाबदारी तुमची, अधिकार दुसऱ्याचा. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं ते हेच.

माझ्या आधीच्या नोकरीत नवीन आलेल्याला शेजारी बसवून शिकवणं, दोन गटांमधली धुसफूस मिटवणं, मिनिट्स लिहिणं, ग्राहकाचा पारा चढला की फोन घेणं, हे सगळं हळूहळू माझ्याकडे आलं. अप्रेझलला काय ऐकलं? "तुमचं स्वतःचं काम तुलनेने कमी दिसतंय." ज्यांनी कधी कोणाला अक्षर शिकवलं नाही त्यांचं काम भरपूर दिसत होतं, कारण त्यांचा दिवस त्यांच्याच हातात होता. मी शिकवलेल्या मुलांचं चांगलं काम त्यांच्या नावावर लागलं, ते योग्यच. माझ्या नावावर मात्र काहीच लागलं नाही.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली याच विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. छोटे गट, एकमेकांना न ओळखणारी माणसं. दोन मिनिटांत कोणीतरी एकाने बटण दाबायचं. दाबलं तर सगळ्यांचा फायदा, पण दाबणाऱ्याला इतरांपेक्षा कमी पैसे. मिश्र गटांत बटण दाबायला स्त्रिया पुरुषांपेक्षा जवळजवळ दीडपट वेळा पुढे आल्या. मग त्यांनी फक्त पुरुषांचे गट करून पाहिले, तर तिथे पुरुष अगदी व्यवस्थित बटण दाबत होते! म्हणजे त्यांना ते जमत नव्हतं असं काही नाही. खोलीत एखादी बाई असली की ती करेल, असं सगळ्यांनीच धरलेलं असतं. आणि त्या बाईनेही.

म्हणून असं काम अंगावर घेण्याआधी माझा एकच प्रश्न असतो: हे कोणाच्या खात्यात जमा होणार?

आडवाट:

तिसरी_घंटा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही दिलेल्या यादीत दोन वेगळ्या जातीची कामं आहेत असं मला वाटतं. ग्राहकाचा फोन घेणं, भांडण मिटवणं यात निर्णय कुठेच हलत नाही, फक्त त्रास शोषला जातो. मीटिंगमध्ये काय ठरलं हे शब्दांत बांधणं मात्र निर्णयाच्या अगदी जवळचं काम आहे. मी लिहिते तेव्हा "हे ठरलं का?" असा प्रश्न मी विचारू शकते, आणि तो विचारला की तिथल्या तिथे ठरवावं लागतं. पुढाकार घ्यायचाच तर निर्णयाला लागून असलेल्या कामात घ्यावा, असं माझं मत आहे. बाकीची कामं पाळीपाळीने वाटून घ्यावीत, आणि ती पाळी लावून घेण्यासाठीही भांडावं.

रातपाळी:

मी ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारक आहे. पदांची उतरंड आमच्याइतकी ठळक क्वचितच कुठे असेल. तरी तिथे रोज एक गोष्ट घडते.

ऑपरेशन सुरू होण्याआधी, पोट बंद करण्याआधी आणि शेवटचे टाके घालताना आम्ही दोघं परिचारक गॉज, म्हणजे रक्त टिपायचे जाळीदार कापडाचे तुकडे, मोठ्याने मोजतो. एक टेबलापाशी, निर्जंतुक हातमोज्यांत. दुसरा बाहेरून बघणारा, फळ्यावर आकडे लिहिणारा. समजा फळ्यावर तीस आहेत आणि मोजताना एकोणतीस भरले. मी एवढंच म्हणतो, "सर, मोजणी जुळत नाही, एक कमी आहे." सर्जन हात थांबवतात. मग बादली, चादरीच्या घड्या, टेबलाखालची जमीन, पोट, सगळं पाहायचं. तरीही नाही मिळालं तर एक्स-रे. त्यासाठीच तर गॉजमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो. त्या क्षणी ऑपरेशन थिएटरमध्ये माझा शब्द चालतो, आणि त्यासाठी मला आवाज चढवावा लागत नाही.

हे माझ्या धाडसामुळे होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. थांबवायचं हे आधीच ठरलेलं आहे, म्हणून होतं. २००१ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी पाच पायऱ्यांची यादी केली. हात धुणं, त्वचा स्वच्छ करणं वगैरे, कोणाला माहीत नाही असं त्यात काहीच नव्हतं. नवीन होतं ते दुसरंच. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर नर्सने त्यांना थांबवायचं, आणि व्यवस्थापन नर्सच्या पाठीशी राहणार, हे जाहीर केलं गेलं. अशा नळ्यांमुळे होणारा संसर्ग तिथे जवळजवळ नाहीसा झाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया चेकलिस्टचंही तसंच. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांमधला अभ्यास २००९ साली आला. चेकलिस्ट वापरायला लागल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. त्या यादीत एक ओळ आहे जी बाहेरच्यांना उगाचच वाटते: चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडलंय त्याला पुढे काही वावगं दिसलं तर बोलणं सोपं जातं. मी हे डोळ्यांनी पाहतो. नव्या मुलांमध्ये तर फारच.

म्हणून दोघींनाही एक सुचवतो. मोठं पद मागायच्या आधी एका छोट्या गोष्टीचा अधिकार लेखी मागा. "बुधवारी सकाळपर्यंत कागद पूर्ण नसतील तर गाडी थांबवण्याचा हक्क आडवाट यांना" असं. पूर्ण खातं हातात नसेना का, एक बिंदू असला तरी पुरतो.

कोरा_कागद:

रातपाळी, उत्तम प्रतिसाद. मी विमान देखभालीत आहे, आम्हालाही याचं प्रशिक्षण दरवेळी दिलं जातं.

आमच्याकडे हे शहाणपण फार मोठी किंमत मोजून आलं. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट. धुक्यात एकाच धावपट्टीवर दोन जम्बो, ५८३ माणसं गेली. केएलएम या डच विमान कंपनीचे कॅप्टन उड्डाणासाठी वेग घेत होते तेव्हा त्यांच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की समोरचं विमान अजून पट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाले, झालंय. ते कंपनीतले अत्यंत मानाचे वैमानिक होते. प्रश्न तिथेच विरला. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ला, युनायटेड एअरलाइन्सचं विमान अमेरिकेत पोर्टलंडजवळ चाकांचा घोळ निस्तरत घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. दहा जण गेले. इंधन कमी होतंय हे कॉकपिटमधल्या इतरांना दिसत होतं, त्यांनी ते बोलूनही दाखवलं, पण कॅप्टनच्या मनाला जाऊन भिडेल इतक्या जोरकसपणे नाही. १९७९ साली नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि १९८१पासून युनायटेडने आपल्या वैमानिकांना हे पद्धतशीर शिकवायला सुरुवात केली.

शिकवतात काय, तर सूचक बोलून थांबायचं नाही. आधी नावाने हाक मारायची. मग मला काळजी वाटतेय असं स्पष्ट म्हणायचं. मग काय दिसतंय ते, मग काय करावं असं वाटतं ते, आणि शेवटी समोरच्याचा होकार किंवा नकार मिळवायचा. ऑफिसात हे असं होईल: "सर, एक मिनिट. मला या तारखेची काळजी वाटतेय. चाचणीचं निम्मं काम बाकी आहे आणि उरलेत दोन दिवस. पहिला भाग आत्ता देऊ, दुसरा सोमवारी. चालेल का?" आपल्यातले बहुतेक जण "चाचणीचं जरा बाकी आहे हं" एवढं म्हणून गप्प बसतात आणि नंतर म्हणतात, मी तर सांगितलं होतं. ते सांगणं नव्हे. शेवटचा "चालेल का" फार कामाचा आहे, कारण त्याला उत्तर द्यावंच लागतं.

पानगळ:

कोरा_कागद, सहमत. पण सगळं नीट सांगूनही ऐकलं जात नाही, हेही इथे लिहायला हवं. चॅलेंजर यानाच्या वेळी रॉजर बॉइसजोली या इंजिनिअरने जुलै १९८५मध्येच सांध्यांच्या रबरी कड्यांबद्दल लेखी इशारा दिला होता. २७ जानेवारी १९८६च्या रात्री त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी थंडीमुळे उड्डाण नको म्हणून आकडे समोर ठेवून विरोध केला. त्यांच्याच कंपनीच्या वरिष्ठांनी तो बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर गेले. बोलण्याची रीत कितीही सुधारली तरी ऐकणाऱ्याची जबाबदारी त्याने संपत नाही. नाहीतर प्रत्येक वेळी "तुलाच नीट सांगता आलं नाही" असं म्हणून वरचे मोकळे.

धुकं:

मी नोकरीत नवीन आहे. सगळे प्रतिसाद वाचतोय. पण माझी अडचण याच्या आधीची आहे. मीटिंगमध्ये मला काहीतरी चुकतंय असं दिसतं, आजूबाजूला सगळे माना डोलावत असतात, आणि मग मलाच वाटायला लागतं की आपल्यालाच कळलं नसेल. तोंड उघडायचं कसं?

शेवटचा_बाक:

धुकं, तुला अरेतुरे करतोय, माझा मुलगा तुझ्या वयाचा आहे.

सॉलोमन अॅश यांचे १९५०च्या दशकातले प्रयोग यासाठीच वाच. कोणती रेघ समोरच्या रेघेएवढी आहे, इतका सोपा प्रश्न. खोलीतले बाकीचे सगळे आधीच सांगून ठेवलेले, ते ठरवून चुकीचं उत्तर देणार. खऱ्या उमेदवारांची साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाच्या मागे जाऊन चुकली. सगळे माना डोलावत असताना स्वतःच्या डोळ्यांवर शंका येणं हे माणसाच्या जातीचंच आहे, तुझ्यात काही कमी नाही. आता यातला उपयोगाचा भाग. त्या खोलीत एक, फक्त एक माणूस बरोबर उत्तर देणारा ठेवला, तर चुकणं आधीच्या साधारण पाव हिश्शावर आलं.

तेव्हा मीटिंगच्या आधी कोणातरी एकाला गाठ. "मला यात असं दिसतंय, तुला काय वाटतं?" विचार. त्याला पटलं तर तुला साथीदार मिळाला. नाही पटलं तर कदाचित तुला नसलेली माहिती मिळेल. आणि उलटही कर. दुसरा कोणी एकटा पडून बोलत असेल आणि त्यात तथ्य असेल तर "मलाही हे समजून घ्यायचंय" एवढं म्हण. बिनपदाचं नेतृत्व म्हणजे कायम पहिलं बोलणं असा गैरसमज आहे. माझ्या मते दुसरा बोलणारा जास्त महत्त्वाचा. त्याच्यामुळे पहिल्याचं म्हणणं हे त्याचं वैयक्तिक राहत नाही.

अजून एक. एडविन हॉलंडर यांनी १९५८ साली एक कल्पना मांडली. गटात माणसाची पत साठत जाते, कामात तरबेज असल्याने आणि गटाच्या रीतीभाती पाळल्याने. वेगळं बोलायची वेळ येते तेव्हा ती पत खर्च होते. पहिल्याच महिन्यात फाइलींची नावं कशी द्यावीत यावर भांडलास तर तारीख चुकतेय हे सांगायच्या वेळी खातं रिकामं असेल. क्षुल्लक गोष्टी सोडून द्यायला शीक. आपलं काम वेळेवर आणि चोख दे, ती तुझी पहिली ठेव.

उंबरठा:

माझ्याकडे पद आहे, म्हणून खुर्चीच्या या बाजूने लिहिते.

आडवाटसारखी माणसं टीममध्ये असतात तेव्हा मला रात्री झोप लागते, हे आधी सांगते. खटकतं ते वेगळं. एखादी गोष्ट मला पहिल्यांदा भर मीटिंगमध्ये, माझ्या वरिष्ठांसमोर कळणं. किंवा चहाच्या टेबलावर सगळं ठरून माझ्यापर्यंत फक्त निरोप येणं. अशा वेळी सूचना कितीही चांगली असो, माझं निम्मं लक्ष ती सूचना सोडून स्वतःला सावरण्यात जातं. आधी एकदा दारावर टकटक करून "हे मी उद्या मांडणार आहे" म्हणा, मी विरोधात असले तरी तुम्हाला बोलू देईन.

आणि पद असलेल्यांनी काय करावं? टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला काही बिघाड दिसला तर तो दोरी ओढतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पुढचा भाग कमी जणांना माहीत असतो. दोरी ओढल्यावर लाइन लगेच बंद पडत नाही. आधी टीम लीडर तिथे येतो, दोघं मिळून बघतात. ठरलेल्या टप्प्यापर्यंत सुटलं नाही तरच लाइन थांबते. मला यातली "लीडर तिथे येतो" ही गोष्ट फार मोलाची वाटते. दोरी सगळ्यांना दिली आणि ओढल्यावर कोणी फिरकलंच नाही, तर पुढच्या वेळी ती कोण ओढेल? मी माझ्या टीमला सांगितलंय की कोणी "हे चुकतंय" असा मेल टाकला तर त्याच दिवशी मी त्या टेबलापाशी येणार. उत्तर नाही असलं तरी येणार.

तिसरी_घंटाचा मुद्दा मला लागला. आमच्याकडे अप्रेझलच्या फॉर्मवर "इतरांचं काम तुमच्यामुळे कुठे सुकर झालं" असा रकाना मी भांडून घालून घेतलाय. तो रकाना भरणारा एकटा माणूस नको म्हणून ज्यांचं काम सुकर झालं त्यांच्याकडूनच दोन ओळी घेते.

सावली:

सगळे पद नसलेल्यांच्या बाजूने बोलताहेत, मी एक धोका मांडतो.

ज्याला पद आहे त्याला जाब विचारता येतो, बदलता येतं. बिनपदाच्या पुढाऱ्याला कोण काढणार? अमेरिकेतल्या स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्त्रियांच्या चळवळीतल्या गटांबद्दल हेच लिहिलं होतं. "आमच्यात कोणी नेता नाही" म्हणणाऱ्या गटातही रचना असतेच, फक्त ती लपलेली असते आणि लपलेली असल्यामुळे तिला हात लावता येत नाही. मैत्रीतली माणसं आतल्या आत ठरवतात. मी अशा टीममध्ये काम केलंय. कागदावर सगळे समान, प्रत्यक्षात एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या भुवया वर गेल्या की विषय बंद. त्यांचं पद आमच्याएवढंच होतं, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती.

ज्या कंपन्यांनी पदं मुद्दाम कमी ठेवली त्यांनाही निवडीची काहीतरी उघड पद्धत लागतेच. डब्ल्यू. एल. गोर ही १९५८ची कंपनी याचं नेहमीचं उदाहरण. तिथे माणूस पुढारी ठरतो तो लोक त्याच्या मागे जायला तयार आहेत की नाही यावरून. २००५ साली टेरी केली मुख्याधिकारी झाल्या तेव्हाही सहकाऱ्यांना विचारलं गेलं होतं की तुम्ही कोणाच्या मागे जाल. विचारलं गेलं, हे महत्त्वाचं. आडवाट, तुमच्या त्या मेलमध्ये काय लिहायचं आणि काय गाळायचं हे तुम्हीच ठरवता ना? ती सत्ता आहे. ती तुम्हाला कोणी विचारून दिलेली नाही.

आडवाट:

सावली, हा मुद्दा धाग्यातला सगळ्यात कठीण आहे आणि तो तुम्ही मांडलात याबद्दल खरंच आभार.

मेलच्या तळाशी "दुपारपर्यंत दुरुस्ती कळवा, नाहीतर हेच धरू" असं मी लिहिते, आणि दुरुस्ती आली की ती देणाऱ्याच्या नावानिशी सगळ्यांना जाते. पण तुमचं म्हणणं त्यापुढचं आहे. लिहिणारी व्यक्ती तीच राहिली तर तिच्या डोळ्यांनीच सगळे बघायला लागतात. त्यावर मला सुचतो तो उपाय मुदतीचा. कुठलंही बिनपदाचं काम घेताना शेवट आधी सांगायचा: "या तिमाहीपर्यंत मी बघते, नंतर पुढे कोण ते आपण ठरवू." असं केलं की लोकांना मला बदलायची संधी मिळते, आणि तिसरी_घंटा म्हणतात ते फुकटचं ओझंही कायमचं गळ्यात पडत नाही. मुदत संपते त्या दिवशी मॅनेजरपुढे हिशोब ठेवता येतो की हे काम आहे, त्याला इतका वेळ लागतो, आता ते एकतर कोणाच्या तरी पदात घाला किंवा पाळी लावा. रातपाळी यांची एका बिंदूच्या अधिकाराची कल्पनाही मी त्याच बोलण्यात मांडणार आहे. गाडी थांबवण्याचा हक्क, लेखी.

उंबरठा, दारावर टकटक हे तंतोतंत पटलं.

तिसरी_घंटा:

मुदतीची कल्पना मला मान्य. फक्त एक: मुदत संपल्यावर खरंच हात काढून घ्यायचा. काम दोन आठवडे कोलमडलं तरी धावायचं नाही. हे फार जड जातं, कारण आपण उभं केलेलं पडताना दिसतं. पण आपण धावलो की वरच्यांच्या लेखी अडचणच नव्हती.

अपवाद रातपाळी आणि कोरा_कागद यांच्यासारख्या कामांचा. जिथे जीव जाऊ शकतो तिथे हे लागू नाही.

धुकं:

शेवटचा_बाक काका, मनापासून आभार. आज एका सीनियरला गाठून विचारलं. त्यांनाही तारखेबद्दल तेच वाटत होतं, पण त्यांना वाटत होतं की बाकी सगळ्यांना पटलंय. परवा मीटिंग आहे. एक विचारू का? आधी मॅनेजरना सांगायचं म्हणजे नेमकं काय घेऊन जायचं? तक्रार केल्यासारखं वाटायला नको.

उंबरठा:

एक पान घेऊन जा. उरलेली कामं, प्रत्येकाला लागणारा वेळ, आणि ते वेळ कोणाला विचारून लिहिले ते. खाली दोन पर्याय, आणि त्यातला तुम्हाला कुठला बरा वाटतो आणि का, ते दोन ओळींत. बसल्यावर आधी पान त्यांच्याकडे द्या आणि वाचू द्या, मध्ये बोलू नका. सीनियरना बरोबर नेता आलं तर न्या. आणि परवाची वाट बघू नका, उद्या सकाळी जा. मीटिंगच्या दारात गाठलंत तर मला तरी विचार करायला वेळ मिळत नाही.

कोरा_कागद:

आणि शेवटी "चालेल का?"

धुकं:

हो, ते वहीत लिहून ठेवलंय. वेळ विचारायला आत्ताच चाचणीवाल्यांकडे जातोय, उद्या काय झालं ते इथेच लिहितो.